एका फेरीत चाळीस आकडे

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या आणि त्यात खेड शोधा. सह्याद्रीवरून उतरलेली जगबुडी नदी खेड गावाजवळून वाहत पुढे वाशिष्ठीला मिळते. या नद्यांचे पाणी ज्या रुंद खाडीतून अरबी समुद्रात जाते, ती दाभोळची खाडी. आता खेडहून चिपळूणकडे जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावरून बोट फिरवा. परशुराम घाट लागण्यापूर्वी, खेड तालुक्यातच, लोटे हे गाव लागते. येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्यात रासायनिक कारखान्यांचा भरणा मोठा आहे.

रासायनिक कारखाना म्हटला की सांडपाणी आलेच. वसाहतीतले सांडपाणी एका सामायिक प्रक्रिया केंद्रात आणतात, तेथे ते शुद्ध करतात आणि मग नळावाटे करंबवणे येथे खाडीत सोडतात. खाडीच्या दोन्ही काठांवर मासेमारीवर पोट भरणारी गावे आहेत. खाडीत मासे मरून तरंगताना दिसले, अशा तक्रारी या गावांतून वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. तेव्हा नळातून या क्षणी बाहेर पडणारे पाणी कसे आहे, हा प्रश्न येथे केवळ पुस्तकी नाही. त्यावर कोणाच्या तरी रात्रीच्या जेवणाचा प्रश्न अवलंबून आहे.

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याचा एकच मार्ग होता. बाटलीत पाण्याचा नमुना भरायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. पाण्यातील घाण कुजवण्यासाठी जंतूंना किती ऑक्सिजन लागतो, ही महत्त्वाची चाचणी करायला आपल्याकडील पद्धतीप्रमाणे २७ अंश सेल्सियस तापमानाला तीन दिवस लागतात. तीन दिवसांत ते पाणी समुद्रात केव्हाच पोचलेले असते! म्हणून २०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने असे निर्देश काढले, की सतरा प्रकारच्या अतिप्रदूषणकारी उद्योगांनी आणि सामायिक प्रक्रिया केंद्रांनी बाहेर पडणाऱ्या पाण्याचे व धुराचे मापन यंत्रांनी सतत करावे आणि आकडे थेट मंडळाकडे पाठवावेत. पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा, त्यातील तरंगते कण, प्रवाहाचा वेग असे कितीतरी आकडे यंत्रे रात्रंदिवस मोजू लागली. काही यंत्रे तर पाण्यातून अतिनील प्रकाश पाठवतात आणि तो किती शोषला गेला यावरून घाणीचा अंदाज करतात.

परंतु मोजणे हे निम्मेच काम झाले. मोजलेला आकडा वेळेवर आणि जसाच्या तसा दुसऱ्या टोकाला पोचला पाहिजे. तो तसा पोचतो की नाही, हे तारेच्या वेगावर जितके अवलंबून असते, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, आकड्यांच्या मांडणीवर अवलंबून असते. ही मांडणी कशी करतात, ते आज आपण पाहू.

नियंत्रक म्हणजे काय?

कारखान्यात पंप, झडपा, मीटर या सर्वांवर लक्ष ठेवणारा एक छोटा संगणक असतो. त्याला प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर किंवा थोडक्यात पी.एल.सी. म्हणतात. आपण त्याला ‘नियंत्रक’ म्हणू. पूर्वी हे काम विद्युतचुंबकावर चालणाऱ्या शेकडो रिले करीत. यंत्राच्या कामात बदल करायचा म्हणजे सगळ्या तारा उपसून पुन्हा जोडाव्या लागत. अमेरिकेतील डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८-६९ च्या सुमारास ‘मॉडिकॉन ०८४’ हा नियंत्रक बनवला आणि तारा बदलण्याऐवजी सूचनांची यादी बदलली की काम भागू लागले.

नियंत्रक एकच चक्र अखंड फिरवीत असतो. आधी सर्व मीटरांचे आकडे घ्यायचे, मग सूचनांची यादी वरपासून खालपर्यंत पार पाडायची, मग पंपांना व झडपांना हुकूम सोडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे एक चक्र काही मिलिसेकंदांत पुरे होते. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) हाती आलेले आकडे तो आपल्या स्मरणात ठेवतो. किराणा दुकानदाराच्या मागे लहानलहान खणांचे कपाट असते, तसेच हे स्मरण असते. प्रत्येक खणाला क्रमांक असतो. या खणाला रजिस्टर म्हणतात. एका खणात सोळा बिटे मावतात. बिट म्हणजे ० किंवा १. सोळा बिटांत ० पासून ६५,५३५ पर्यंतचा कोणताही पूर्णांक लिहिता येतो.

तारेवरचे सवाल-जवाब

आता समजा, केंद्राच्या कार्यालयात एक मुख्य संगणक आहे आणि त्याला नियंत्रकाकडून आकडे हवे आहेत. दोघांनी कोणत्या भाषेत बोलायचे? मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली यासाठी ‘मॉडबस’ नावाची बोलण्याची रीत ठरवून दिली. ती इतकी सोपी होती, की पुढे इतर अनेक कंपन्यांनी ती उचलली. आजही जगभरच्या कारखान्यांत ती चालू आहे.

या रीतीचा मुख्य नियम शाळेतल्यासारखा आहे : विचारल्याशिवाय बोलायचे नाही. मुख्य संगणक सवाल करतो आणि ज्याला विचारले तोच नियंत्रक जवाब देतो. सवाल आठ अक्षरांचा असतो. (येथे अक्षर म्हणजे आठ बिटांचा गट. इंग्रजीत त्याला बाइट म्हणतात.) कोणाला विचारले, हे सांगणारे एक अक्षर. काय करायचे, याचे एक. कोणत्या क्रमांकाच्या खणापासून सुरुवात करायची, याची दोन. तेथून पुढे लागोपाठ किती खण वाचायचे, याची दोन. शेवटी पडताळणीची दोन. वाटेत विजेच्या खळबळीने एखादे बिट बदलले, तर पडताळणी जुळत नाही आणि तो निरोप टाकून देतात.

जवाबात पाच अक्षरे सरबराईची आणि शिवाय प्रत्येक खणामागे दोन अक्षरे मजकुराची असतात. एका सवालात जास्तीत जास्त १२५ खण मागता येतात. मात्र ते लागोपाठचे हवेत. ‘तिसरा, सतरावा आणि नव्वदावा खण दे’ असे या सवालात म्हणता येत नाही. हा ‘लागोपाठ’ शब्द ध्यानात ठेवा. सगळी गंमत त्यातच आहे.

हिशोब करून पाहू

एक काल्पनिक प्रक्रिया केंद्र घेऊ. तेथील एका नियंत्रकाकडून आपल्याला चाळीस आकडे हवे आहेत. तारेचा वेग सेकंदाला ९,६०० बिटे आहे. प्रत्येक अक्षराच्या आठ बिटांना आरंभाचे, तपासणीचे आणि समाप्तीचे अशी आणखी तीन बिटे जोडावी लागतात. म्हणजे अक्षरामागे अकरा बिटे. ११ ला ९,६०० ने भागले, की एका अक्षराला सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात असे दिसते. दोन निरोपांच्या मध्ये साडेतीन अक्षरांइतकी शांतता पाळावी लागते. शिवाय सवाल पोचल्यावर नियंत्रक लगेच उत्तर देत नाही. हातातले चक्र संपवून मग तो जवाब देतो. त्यासाठी २० मिलिसेकंद धरू.

पहिली पद्धत : एकेक आकडा वेगळा मागायचा. सवालाची ८ अक्षरे, जवाबाची ५ + २ = ७ अक्षरे आणि दोन वेळच्या शांततेची ७ अक्षरे, मिळून २२. त्यांना सुमारे २५ मिलिसेकंद लागले. त्यात नियंत्रकाचे २० मिळवा. एका आकड्याला ४५ आणि चाळीस आकड्यांना १,८०० मिलिसेकंद, म्हणजे १.८ सेकंद झाले.

दुसरी पद्धत : चाळीसही आकडे लागोपाठच्या खणांत मांडायचे आणि एकाच सवालात मागायचे. सवालाची ८ अक्षरे, जवाबाची ५ + ८० = ८५, शांततेची ७. मिळून बरोबर १००! त्यांना ११५ मिलिसेकंद लागले. नियंत्रकाचे २० मिळवले की १३५ मिलिसेकंद.

तार तीच, नियंत्रक तोच, आकडेही तेच. तरी काम तेरापट लवकर झाले. याचे कारण उघड आहे. घरातून यादी देऊन बाजारात एकदा पाठवले तर अर्ध्या तासात सगळा माल येतो. पण मिठासाठी एकदा, डाळीसाठी एकदा, काडेपेटीसाठी एकदा असे पाठवले तर दिवस रस्त्यातच जातो. वेळ ओझे वाहण्यात जात नाही, खेपा घालण्यात जातो.

आणखी एक मौज पाहा. समजा, आपले चाळीस आकडे शंभर खणांत विखुरलेले आहेत आणि मध्ये साठ नको असलेले आकडे आहेत. सगळेच शंभर मागवले तर? सवालाची ८, जवाबाची २०५ आणि शांततेची ७ मिळून २२० अक्षरे होतात. त्यांना सुमारे २५२ मिलिसेकंद आणि नियंत्रकाचे २०, असे २७२ मिलिसेकंद लागतात. नको असलेला माल वाहूनसुद्धा ही रीत चाळीस खेपांपेक्षा साडेसहा पटीहून अधिक स्वस्त पडते. अर्थात हवे तेवढेच आकडे शेजारीशेजारी मांडणे हे सर्वांत उत्तम.

एका तारेवर असे दहा नियंत्रक असले तर पहिल्या पद्धतीने सर्वांची एक फेरी पुरी व्हायला १८ सेकंद लागतील आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे १.३५ सेकंद. नळातून सेकंदाला ५० लिटर पाणी जात असेल, तर कार्यालयातील माणसाला बिघाड कळेपर्यंत एका पद्धतीत ९०० लिटर पाणी निघून गेलेले असेल, तर दुसरीत ६८ लिटर.

तुम्ही म्हणाल, आता तर तारांचा वेग सेकंदाला कोट्यवधी बिटे झाला आहे, मग ही काटकसर कशाला? विचार करा. तारेवरचा वेळ जवळजवळ शून्य झाला, तरी नियंत्रकाचे २० मिलिसेकंद कोठे गेले? चाळीस सवालांचे ८०० मिलिसेकंद तसेच राहतात आणि एका सवालाचे २०. वेगवान तारेवर मांडणीचे महत्त्व उलट वाढते.

एका खणात सोळा दिवे

आता खणांत माल कसा भरावा ते पाहू. पंप चालू की बंद, एवढेच सांगायला एक बिट पुरते. त्यासाठी सोळा बिटांचा अख्खा खण खर्च करणे म्हणजे एका लवंगेसाठी पोते वापरण्यासारखे आहे. म्हणून सोळा पंपांची वा झडपांची स्थिती एकाच खणात भरतात. पहिल्या पंपाची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८, पाचव्याची १६ अशी दुप्पट-दुप्पट धरायची आणि जे चालू आहेत त्यांच्या किमतींची बेरीज खणात ठेवायची. खणात १३ हा आकडा दिसला तर? १३ म्हणजे ८ + ४ + १. तेव्हा पहिला, तिसरा आणि चौथा पंप चालू आहे आणि दुसरा बंद आहे. अशी फोड एकाच प्रकारे होऊ शकते, म्हणून घोटाळ्याला जागा नाही.

दशांश अपूर्णांकांसाठी दुसरी युक्ती आहे. सामू ७.२५ असेल तर त्याला शंभराने गुणून ७२५ पाठवायचे. तापमान ३१.४ असेल तर दहाने गुणून ३१४. दुसऱ्या टोकाला पुन्हा भागाकार करायचा. मात्र कोणत्या खणाला कितीने गुणले आहे, याचे कोष्टक दोन्ही टोकांना लिहून ठेवलेले पाहिजे. नाहीतर एके दिवशी पडद्यावर ‘तापमान ३१४’ असे दिसेल आणि सगळ्यांची धावपळ उडेल!

दोन तुकड्यांचा आकडा

काही आकडे एका खणात मावत नाहीत. आजवर नळातून एकूण किती घनमीटर पाणी गेले, ही संख्या लवकरच ६५,५३५ च्या पुढे जाते. तेव्हा दोन खण घेतात. एकात ६५,५३६ चे किती गठ्ठे झाले ते आणि दुसऱ्यात उरलेली सुटी संख्या. मोटारीच्या मैलदर्शकात डावीकडचे चाक आणि उजवीकडचे चाक असते, तसेच हे.

आता नीट लक्ष द्या. या क्षणी एकूण प्रवाह ६५,५३५ आहे. म्हणजे गठ्ठ्याच्या खणात ० आणि सुट्यांच्या खणात ६५,५३५. हे दोन खण दूरदूर ठेवलेले असल्याने मुख्य संगणक दोन वेगळ्या सवालांत ते वाचतो. पहिल्या सवालात त्याने गठ्ठे वाचले : ०. तेवढ्यात आणखी एक घनमीटर पाणी गेले. आता गठ्ठे १ झाले आणि सुटे ०. दुसऱ्या सवालात त्याने सुटे वाचले : ०. त्याच्या वहीत नोंद झाली की एकूण पाणी शून्य! उलट क्रमाने वाचले असते तर? आधी सुटे ६५,५३५, मग गठ्ठा १. बेरीज १,३१,०७१. प्रत्यक्ष पाणी जवळपास निम्मेच, पण नोंद दुप्पट. मीटर निर्दोष, तार निर्दोष, पडताळणीही जुळली. तरी नोंद खोटी झाली.

यावर उपाय मांडणीचाच आहे. एकाच संख्येचे दोन तुकडे नेहमी शेजारच्या खणांत ठेवायचे आणि एकाच सवालात वाचायचे. त्याहून चांगली रीत अशी : नियंत्रकाने प्रत्येक चक्राच्या शेवटी पाठवायचे सर्व आकडे आपल्या कामाच्या खणांतून उचलून एका वेगळ्या, लागोपाठच्या गटात उतरवून ठेवायचे. छायाचित्रात सर्वांचा एकाच क्षणाचा चेहरा येतो ना, तसे या गटातील सर्व आकडे एकाच क्षणाचे होतात. मुख्य संगणकाने फक्त या गटाकडे पाहायचे. यात आणखी एक सोय आहे. पुढे कामाच्या खणांची कितीही उलथापालथ झाली, तरी हा बाहेरचा गट तसाच ठेवता येतो. म्हणून त्याच्या शेवटी पाचदहा खण मुद्दाम रिकामे राखतात. उद्या नवे मीटर आले तर आधीचे क्रमांक न हलवता त्याला जागा मिळते.

खरा आकडा आणि शिळा आकडा

पडद्यावर तासभर ‘सामू ७.२’ असे दिसत आहे. यावरून पाणी चांगले आहे असे म्हणता येईल का? घाई करू नका. कदाचित सामू खरोखरच स्थिर असेल. कदाचित मीटरची तार तुटली असेल आणि नियंत्रक शेवटचा आकडाच दाखवीत बसला असेल. किंवा नियंत्रकच थांबला असेल. आकड्याच्या चेहऱ्यावरून हे ओळखता येत नाही.

म्हणून जाणकार लोक गटाच्या पहिल्या खणात एक ‘नाडी’ ठेवतात. नियंत्रक दर सेकंदाला त्या खणात एक मिळवतो : १, २, ३, ४... नाडी पुढे सरकत असेल तर नियंत्रक जिवंत आहे. थांबली तर खालचे सर्व आकडे शिळे समजायचे. त्याच्या पुढच्या खणात प्रत्येक मीटरसाठी एकेक बिट राखतात. मीटर ठीक असेल तर ०, बिघडले किंवा दुरुस्तीसाठी काढले असेल तर १. म्हणजे आकड्याबरोबरच त्याची पतही पोचते. आपल्या पूर्ण झालेल्या मांडणीचा आरंभ असा दिसेल :

खण १ : नाडी
खण २ : मीटरांची पत (सोळा बिटे)
खण ३ : धोक्याच्या सूचना (सोळा बिटे)
खण ४ : पंप व झडपा (सोळा बिटे)
खण ५, ६, ७ : सामू – सरासरी, किमान, कमाल (शंभरपट)
खण ८ : आताचा प्रवाह
खण ९, १० : एकूण प्रवाह (गठ्ठे, सुटे)

सर्वांत तातडीच्या गोष्टी आरंभी आल्या आहेत, हे पाहा. त्यामुळे कधी घाई असली तर पहिले चार खणच दर सेकंदाला वाचता येतात आणि पूर्ण गट दर मिनिटाला. पाण्याचे तापमान सेकंदासेकंदाला बदलत नाही. ते दर सेकंदाला विचारणे म्हणजे बियाणे उकरून कोंब आला का ते पाहण्यासारखे आहे.

सरासरीच्या आड काय दडते?

सामूसाठी एकाऐवजी तीन खण का घेतले, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर या लेखातील सर्वांत महत्त्वाचे उत्तर आहे.

आकड्यांची संख्या कमी करण्यासाठी दर पंधरा मिनिटांची सरासरी काढून तेवढीच पाठवावी, असे कोणालाही सुचेल. सामायिक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू ६ ते ९ च्या दरम्यान असावा असा दंडक आहे. समजा, चौदा मिनिटे सामू ७ होता आणि एक मिनिट तो ३ झाला. सरासरी काढा : चौदा साते अठ्ठ्याण्णव, अधिक तीन, एकशे एक. भागिले पंधरा. उत्तर ६.७३. नियमात बसते! पण सामूचे माप सरळ चढत्या पायऱ्यांचे नाही. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट होते. ७ वरून ३ वर येणे म्हणजे १० × १० × १० × १०, म्हणजे दहा हजार पट आम्लता. त्या एका मिनिटात नळाच्या तोंडाशी असलेल्या माशाला सरासरीचा काय उपयोग?

सरासरीच्या शेजारी किमान आणि कमाल हे दोन खण ठेवले की ३ हा आकडा लपत नाही. जास्तीच्या दोन खणांची किंमत किती? चार अक्षरे, साडेचार मिलिसेकंदांच्या आसपास. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मांडणी म्हणजे केवळ वेग वाढवण्याची युक्ती नाही. दुसऱ्या टोकाला काय कळेल आणि काय कळणार नाही, याचा निर्णय मांडणी करणारा माणूस घेत असतो. काटकसर खेपांत करावी, खरेपणात करू नये.

पूर आला तर

खेडच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जगबुडीने ७ मीटरची धोक्याची पातळी ओलांडल्याच्या बातम्या तुम्ही पावसाळ्यात ऐकता. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि खेड परिसराला महापुराने वेढले, तेव्हा अनेक ठिकाणी वीज आणि मोबाइल सेवा बंद पडली. अशा वेळी उत्तम मांडलेले आकडेही जागीच अडकतात. म्हणून प्रत्येक गटाबरोबर तारीख आणि वेळ लिहून तो जवळच्या साठ्यात ठेवायचा आणि संपर्क पुन्हा जुळला की क्रमाने पाठवायचा. वेळेची नोंद नसेल तर कालचा आकडा आजचा म्हणून खपेल.

आणि एक पथ्य कधीही मोडू नये. पाणी बिघडले तर झडप बंद करण्याचा निर्णय जागेवरच्या नियंत्रकाने स्वतः घेतला पाहिजे. दूरच्या संगणकाला विचारून मग झडप बंद करू, असे म्हणता कामा नये. चटका बसला की हात आधी मागे येतो आणि मेंदूला नंतर कळते, तशीच ही व्यवस्था असावी. तारेचे काम खबर पोचवण्याचे आहे. जीव तारेवर टांगू नये.

वर्गात करून पाहा

चाळीस चिठ्ठ्यांवर १ ते ४० क्रमांक आणि प्रत्येकीवर मनाला येईल तो आकडा लिहा. एक मित्र ‘नियंत्रक’ होऊन वर्गाच्या मागे चिठ्ठ्या घेऊन बसेल. दुसरा फळ्याजवळ ‘मुख्य संगणक’ होईल. तिसरा ‘तार’ होऊन दोघांमध्ये चालत जाईल. प्रथम तारेने एका फेरीत एकच आकडा आणायचा, असे दहा आकडे आणा आणि घड्याळात वेळ पाहा. मग एकाच फेरीत कागदावर दहा आकडे लिहून आणा. आता नियंत्रकाने सवाल ऐकल्यावर पाच अंक मोजून मगच उत्तर द्यायचे, असा नियम करा आणि ‘तारेला’ पळायला सांगा. तार कितीही जोरात पळाली तरी कोणती पद्धत जिंकते, ते स्वतः पाहा.

आता दोन प्रश्न. पंपांच्या खणात २२ हा आकडा आला, तर कोणते पंप चालू आहेत? आणि आपल्या हिशोबातील तारेचा वेग दुप्पट केला, तर चाळीस वेगळ्या सवालांचा वेळ निम्मा होईल का?

पहिल्याचे उत्तर : २२ म्हणजे १६ + ४ + २, तेव्हा दुसरा, तिसरा व पाचवा पंप. दुसऱ्याचे उत्तर : नाही. तारेवरचे २५ मिलिसेकंद साडेबारा होतील, पण नियंत्रकाचे २० तसेच राहतील. एकूण १.८ सेकंदांऐवजी १.३ सेकंद लागतील. याउलट जुन्याच तारेवर मांडणी सुधारली तर ०.१३५ सेकंदात काम होते. नवी तार घ्यायला पैसे लागतात. आकडे शेजारीशेजारी मांडायला कागद, पेन्सिल आणि थोडा विचार पुरतो.

लोट्याच्या वसाहतीत किंवा दुसऱ्या एखाद्या कारखान्यात तुमच्या शाळेची सहल गेली, तर नियंत्रकाच्या पेटीसमोर क्षणभर थांबा. लुकलुकणारे दिवे पाहून पुढे जाऊ नका. ‘यातले कोणते आकडे बाहेर जातात, किती वेळाने जातात आणि मीटर बंद पडले तर ते पलीकडे कसे कळते?’ एवढे तीन प्रश्न तेथील अभियंत्यांना जरूर विचारा. खाडीकाठच्या माणसांनाही हेच तीन प्रश्न पडलेले असतात.